खलात घडणारा अहवाल : गैरिकाच्या क्ष-किरण परीक्षणासाठी नमुना कसा सिद्ध करावा

प्रास्ताविक

लघुसूतशेखर वापरत नाही असा वैद्य महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. शुद्ध गैरिक, सुंठ आणि नागवेलीच्या पानांचा स्वरस एवढ्याच सामग्रीतून सिद्ध होणारा हा कल्प अम्लपित्ताच्या रुग्णास आपण निःशंकपणे देतो. रक्तपित्तात, छर्दीत, हिक्केत आणि बाह्यतः शोथावर लेप म्हणूनही गैरिक आपल्या हाताशी असतेच. रसरत्नसमुच्चयकारांनी त्याची गणना उपरसांत केली असून पाषाणगैरिक व स्वर्णगैरिक असे त्याचे दोन भेद सांगितले आहेत. पहिले कठीण व ताम्रवर्णी, तर दुसरे स्निग्ध, मसृण व अतिशय लाल.

ग्रंथातील हे वर्णन स्पष्ट आहे. परंतु दुकानातून पुडीत बांधून आलेला लाल खडा त्या वर्णनास कितपत उतरतो, हा प्रश्न व्यवहारात तितका सोपा राहत नाही. रंगाऱ्याचा गेरू लाल असतो, कोकणातील जांभ्याची माती लाल असते आणि सह्याद्रीच्या घाटात बेसाल्टच्या दोन थरांमध्ये दिसणारा मातकट पट्टाही लालच असतो. हेमाटाइट हे लोहाचे ऑक्साइड थोडे जरी असले, तरी ते सभोवतालच्या सगळ्या मातीला आपला रंग देते. त्यामुळे रंगावरून खनिजाचा निर्णय करणे धोक्याचे ठरते. खनिज द्रव्यांसाठी भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाच्या पहिल्या भागाचा सातवा खंड उपलब्ध झाल्यापासून आपल्यापैकी अनेकजण कच्च्या द्रव्याचे प्रयोगशाळेत परीक्षण करून घेऊ लागले आहेत, ही समाधानाची बाब आहे. त्यात क्ष-किरण विवर्तनाचा अहवाल आता अपरिचित राहिलेला नाही.

प्रस्तुत लेखात मात्र आम्ही त्या यंत्राचे गुणगान करणार नाही. यंत्रात नमुना जाण्यापूर्वी त्याचे जे काही केले जाते, त्याविषयी लिहिणार आहोत. कारण तेथेच आमच्या हातून एक चूक घडली आणि तिचा भुर्दंड एका निरपराध माणसाला सोसावा लागला.

घडले ते असे

आमच्या अभ्यासमंडळातील आम्ही पाच वैद्यांनी एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून गैरिक आणले. लोखंडी खलात ते कुटले, वस्त्रगाळ केले आणि ते मऊसूत चूर्ण एका प्रयोगशाळेत पाठविले. अहवालात केओलिनाइट व हेमाटाइट ही खनिजे प्रमुख होती, क्वार्ट्झ जेमतेम होते. शिवाय धातुरूप लोहाचे एक लहानसे शिखर दाखविलेले होते. आमचा आनंद गगनात मावेना. मासिक बैठकीत आम्ही तो आलेख सर्वांना दाखविला आणि ‘वाळूविरहित, लोहयुक्त गैरिक’ अशी त्याची प्रशंसाही केली.

चार महिन्यांनी त्याच दुकानातून पुन्हा माल घेतला. त्या वेळी सवड नव्हती, म्हणून काही खडे तसेच प्रयोगशाळेकडे धाडले. तेथील मंडळींनीच ते पूर्णपणे दळून तपासले. या अहवालात क्वार्ट्झचे शिखर सर्वांत उंच होते आणि धातुरूप लोहाचा मागमूसही नव्हता. दुकानदाराने वाळूमिश्रित माल गळ्यात मारला, असा आम्ही तत्काळ निष्कर्ष काढला. दुकानात जाऊन त्या वृद्ध गृहस्थांना चार गिऱ्हाइकांदेखत नको तेवढे कठोर शब्द बोललो. त्यांनी आवाज चढविला नाही. आतून पोते ओढून आणले आणि एवढेच म्हणाले, “डॉक्टर, पोतं तेच आहे. दोन्ही वेळा यातलंच दिलं. हात घालून बघा.” आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही.

तेथून आम्ही दोन्ही अहवाल घेऊन प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ तंत्रज्ञांकडे गेलो. त्यांनी आलेखांकडे ओझरती नजर टाकली आणि आलेखाविषयी अवाक्षर न काढता विचारले, “पहिला नमुना तुम्ही कशात कुटलात?” आम्ही सांगितले, लोखंडी खलात. “गाळलात?” होय, कापडातून. “मग कापडावर जे उरलं, त्याचं काय केलंत, डॉक्टरसाहेब?”

टाकून दिले, असे आम्ही उत्तर दिले आणि ते देता देताच आमच्या लक्षात आले की क्वार्ट्झ दुकानदाराने मिसळले नव्हते. आम्हीच ते टाकून दिले होते.

किरण काय पाहतात

चुकीचे स्वरूप नीट कळावे म्हणून तंत्राचा थोडा परिचय आवश्यक आहे. स्फटिकातील अणूंच्या रांगांमधून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे माक्स फोन लौए यांच्या प्रयोगांतून १९१२ मध्ये सिद्ध झाले. विल्यम हेन्री ब्रॅग व विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पिता-पुत्रांनी १९१३ मध्ये त्याचे गणित सुलभ केले. त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकसंध मोठ्या स्फटिकाऐवजी बारीक चूर्ण घेऊनही हे काम करता येते, ही डेबाय व शेरर यांची पद्धत १९१६ ची. आज आपल्या नमुन्यांसाठी वापरली जाते ती हीच चूर्णपद्धती होय.

प्रत्येक खनिजात अणूंच्या पातळ्यांमधील अंतरे ठरलेली असतात. तांब्याच्या नलिकेतून निघणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनी तपासले असता क्वार्ट्झचे प्रमुख शिखर २६.६ अंशांवर, हेमाटाइटचे ३३.२ अंशांच्या आसपास आणि केओलिनाइटचे १२.४ अंशांच्या जवळ येते. शिखरांच्या स्थानावरून खनिज ओळखावयाचे आणि त्यांच्या उंचीवरून प्रमाणाचा अंदाज बांधावयाचा, असा हा व्यवहार आहे.

मात्र यात एक गृहीत दडलेले आहे. चूर्णात असंख्य कण असावेत, ते सर्व दिशांना सारखेच वळलेले असावेत आणि पात्रातील चिमूटभर चूर्ण हे मूळ राशीचे खरे प्रतिनिधी असावे, हे ते गृहीत होय. किरण पात्राच्या पृष्ठभागात फार खोल शिरत नाहीत, लोहयुक्त चूर्णात तर फारच थोडे. म्हणजे किलोंनी असलेल्या द्रव्याचा निर्णय एका अतिशय पातळ थरावरून होतो. हा थर प्रामाणिक नसेल तर यंत्र कितीही महागडे असो, ते बिनचूकपणे चुकीचेच उत्तर देईल.

राशीपासून चिमटीपर्यंत

नमुना घेणे ही पहिली पायरी. पोत्यातील गैरिकाचे खडे वर राहतात आणि भुगा तळाशी बसतो. भुग्यात मृदू मृत्तिका अधिक व खड्यांत कठीण भाग अधिक असतो. म्हणून वरचे चार खडे किंवा तळाची मूठ, यांपैकी काहीच एकटे घेऊ नये. पोत्याच्या निरनिराळ्या जागांवरून मिळून अर्धा किलो द्रव्य घ्यावे, त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत आणि स्वच्छ कागदावर त्याची शंकूसारखी रास करावी. रास चपटी करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, उरलेले दोन बाजूला काढावेत. ठेवलेले भाग आणखी बारीक करून पुन्हा हीच कृती करावी. असे करीत दहा-पंधरा ग्रॅमवर यावे. बाजूला काढलेला भाग फेकू नये; तिथी, दुकान व वजन लिहून बरणीत जपून ठेवावा. वाद उद्भवल्यास तोच आपला साक्षीदार असतो.

कुटणे आणि मर्दन

आमची दुसरी चूक लोखंडी खलाची. क्वार्ट्झची कठिणता मोहस्च्या मापावर ७ आहे. असे कण लोखंडात घोटले म्हणजे खलच झिजतो आणि त्याचे कण चूर्णात उतरतात. पहिल्या अहवालातील ४४.७ अंशांवरचे शिखर, ज्याचे आम्ही ‘लोहयुक्त’ म्हणून कौतुक केले, ते आमच्याच खलाचे होते. गैरिकातील लोह ऑक्साइडच्या रूपात असते, धातुरूपात नव्हे, एवढे साधे रसायनशास्त्र आम्हास त्या क्षणी आठवले नाही.

खडे फोडण्यापुरते लोखंड चालेल. त्यानंतर चुंबक फिरवून पाहावे. सूक्ष्म मर्दन मात्र अकीकाच्या खलातच करावे. अकीक हे स्वतः क्वार्ट्झच्याच कुळातील, अत्यंत कठीण व घट्ट पोताचे. दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांमध्ये ते तयार होते आणि खंभातचे कारागीर त्यासाठी प्रसिद्ध आहेत. अकीकही किंचित झिजतो आणि ती झीज क्वार्ट्झ म्हणूनच दिसेल, हे ध्यानात ठेवावे. परंतु हाताने केलेल्या अल्पकाळ मर्दनात तिचे प्रमाण नगण्य असते. खलात आघात करू नये, घोटावे. आघाताने अकीक तडकतो.

चूर्ण किती सूक्ष्म हवे? क्वार्ट्झच्या चूर्णावर विसाव्या शतकाच्या मध्यास झालेले एक अभिजात निरीक्षण येथे मार्गदर्शक आहे. कणांचा आकार १५ ते ५० मायक्रॉन असताना तोच नमुना पुनःपुन्हा भरून मोजला, तर शिखराच्या तीव्रतेत सरासरी १८ टक्क्यांचा फरक पडत होता. कण ५ मायक्रॉनहून लहान केल्यावर हा फरक सुमारे १ टक्क्यावर आला. म्हणून प्रमाणाचा विचार करावयाचा असल्यास कण १० मायक्रॉनच्या आत असावेत असा संकेत आहे. केवळ खनिजे ओळखावयाची असतील तर ४५ मायक्रॉनच्या, म्हणजे ३२५ क्रमांकाच्या चाळणीतून गेलेले चूर्णही चालते. रेखापूर्णता किंवा दातांखाली कचकच न लागणे या आपल्या कसोट्या येथे दिशा दाखवितात, पण त्यांवर थांबता येत नाही. भूविज्ञानाचे अभ्यासकही रानात मातीचा कण दातांत धरून गाळ व चिकणमाती यांतील भेद पाहतात, हे कळल्यावर आम्हास मौज वाटली.

आता एक धोका. मर्दन जितके अधिक तितके उत्तम, हा संस्कार आपल्या रक्तात आहे आणि औषधिनिर्माणात तो योग्यच आहे. परीक्षणात मात्र अतिमर्दन घातक ठरते. यांत्रिक चक्कीत कोरडे चूर्ण तासन्‌तास फिरविले तर उष्णता व आघात यांमुळे स्फटिकाची रचनाच मोडते. केओलिनाइटसारखे पापुद्र्यांचे खनिज तर हळूहळू आपली शिखरे गमावून बसते. ते द्रव्यात असूनही आलेखात दिसत नाही. यावर उपाय आपल्या परिचयाचाच आहे : ओले मर्दन. भावना देतो त्याप्रमाणे चूर्णात थोडे अल्कोहोल घालून घोटावे. उष्णता निघून जाते, कण उडत नाहीत व एकमेकांस चिकटतही नाहीत. पाच-दहा मिनिटे घोटावे, चाळणीतून पाहावे, उरलेले पुन्हा घोटावे, हा क्रम उत्तम.

चाळणीवर उरलेले

हीच आमची मुख्य चूक, म्हणून तिचा स्वतंत्र विचार करतो. वनस्पतींचे चूर्ण करताना वस्त्रावर राहिलेला चोथा आपण टाकतो. तो तंतुमय व निःसार असतो, त्यामुळे ही सवय हाताला जडलेली असते. खनिजात मात्र चाळणी ही केवळ आकाराची निवड करीत नाही, ती कठिणतेचीही निवड करते. केओलिनाइटची कठिणता २ ते २.५, हेमाटाइटची ५.५ ते ६.५ आणि क्वार्ट्झची ७. एकाच खलात एकाच वेळी घोटले असता मृत्तिका प्रथम चूर्णरूप होऊन खाली जाते आणि क्वार्ट्झचे कण वर राहतात. वर राहिलेले टाकले म्हणजे नमुन्याची घटनाच बदलली.

यास्तव नियम एकच : परीक्षणाच्या नमुन्यात चाळणीवर काहीही उरू देऊ नये. जे राहील ते पुन्हा खलात घालावे, पुन्हा चाळावे आणि अखेरचा कण खाली जाईपर्यंत हे करावे. नंतर सर्व एकत्र करून चांगले मिसळावे, कारण प्रथम गेलेले आणि शेवटी गेलेले चूर्ण सारखे नसते. आरंभीचे व अखेरचे वजन ताडून पाहावे. घट दिसल्यास काय हरवले ते शोधावे.

वाळविणे

ओलसर नमुना चटकन वाळावा म्हणून १०५ अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवण्याची प्रथा आहे. क्वार्ट्झ-हेमाटाइटचे त्याने काही बिघडत नाही, परंतु काही मृत्तिका खनिजांतील पाणी निघून जाते आणि त्यांची ओळख बदलते. गैरिक ४० ते ६० अंशांच्या दरम्यान सावकाश वाळवावे. गोदंतीच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. गोदंती म्हणजे जिप्सम. त्यातील पाणी उष्णतेने आणि जोरदार कोरड्या मर्दनानेही अंशतः सुटते व अर्धजलयुक्त बॅसनाइट तयार होते. जिप्समचे ११.६ अंशांवरील शिखर खचते आणि १४.७ अंशांवर नवे उभे राहते. असा अहवाल पाहून कोणी ‘हे कच्चे द्रव्य आधीच भाजलेले आहे’ असे म्हणेल. प्रत्यक्षात ते आपल्या भट्टीत किंवा चक्कीत भाजलेले असते. गोदंतीचा नमुना ४० अंशांवर जाऊ देऊ नये.

पात्रात भरणे

केओलिनाइटचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात. पात्रात चूर्ण भरून त्यावर काच दाबून पृष्ठभाग गुळगुळीत केला की हे पत्ते आडवे निजतात. मग त्यांच्या एकाच बाजूचे शिखर अवास्तव उंच होते आणि द्रव्यात केओलिनाइट आहे त्याहून कितीतरी जास्त भासते. पहिल्या नमुन्यात आमच्या मऊसूत चूर्णाने हाही भ्रम वाढविला असावा. हे टाळण्यासाठी चूर्ण पात्राच्या मागील किंवा कडेच्या बाजूने सैल भरावे, घासू नये, आवश्यक तेवढाच दाब द्यावा आणि शक्य तर तीन वेळा नव्याने भरून तीन आलेख घ्यावेत. तिन्ही जुळले तरच आकड्यांविषयी बोलावे.

गैरिकासाठी आणखी एक विशेष. तांब्याच्या नलिकेचे किरण लोहाला उत्तेजित करतात व लोह स्वतःचे किरण बाहेर टाकू लागते. त्यामुळे आलेखाची तळरेषा वर चढते आणि लहान शिखरे तिच्यात बुडून जातात. कोबाल्टची नलिका किंवा योग्य एकवर्णक असल्यास हा दोष दूर होतो. आपला नमुना लोहयुक्त आहे हे प्रयोगशाळेस आधी सांगणे, एवढे आपले कर्तव्य.

मृत्तिका-अंशाचे वेगळे परीक्षण

स्वर्णगैरिकाचा जो स्निग्ध, मसृण स्पर्श सांगितला आहे, त्यात मृत्तिका खनिजांचा मोठा वाटा असावा असे आम्हास वाटते. ती कोणती, हे जाणण्यासाठी २ मायक्रॉनहून लहान कण वेगळे काढावे लागतात. थोडे चूर्ण ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून ढवळावे आणि स्थिर ठेवावे. २० अंश तापमानाच्या पाण्यात २ मायक्रॉनच्या कणास ५ सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ४ तास लागतात. तेवढ्या वेळाने वरच्या ५ सेंटिमीटरमधील गढूळ पाणी पिचकारीने अलगद काढून घ्यावे, म्हणजे त्यात केवळ इष्ट कणच असतात. हे पाणी काचपट्टीवर ओतून वाळू द्यावे.

येथे कण आडवे निजणे हा दोष नसून तीच अपेक्षा असते. काचपट्टी प्रथम तशीच, नंतर इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून आणि शेवटी ५५० अंशांवर तापवून तपासतात. फुगणारी स्मेक्टाइट खनिजे ग्लायकॉलने १४-१५ अँगस्ट्रॉमवरून १७ अँगस्ट्रॉमपर्यंत फुगतात व तापविल्यावर १० अँगस्ट्रॉमपर्यंत आकसतात. केओलिनाइट ग्लायकॉलला दाद देत नाही, मात्र ५५० अंशांवर त्याची रचना मोडून शिखर लोप पावते. ग्लायकॉल विषारी असल्याने हे काम प्रयोगशाळेतच व्हावे आणि तो नमुना पुन्हा औषधालयात येऊ नये.

मृत्तिका स्पष्ट दिसावी म्हणून काही प्रयोगशाळा रासायनिक प्रक्रियेने लोहाची ऑक्साइडे आधी धुऊन काढतात. सामान्य मातीसाठी हे उचित आहे. गैरिकाच्या बाबतीत मात्र त्यामुळे गैरिकाचा आत्माच निघून जातो व अहवालात हेमाटाइट दिसत नाही. म्हणून ही प्रक्रिया केवळ वेगळ्या काढलेल्या भागावर करावी आणि तसा स्पष्ट उल्लेख अहवालात असावा, असा आग्रह धरावा.

पुनर्परीक्षण

वरील सर्व पथ्ये पाळून आम्ही दोन्ही खरेद्यांतील जपून ठेवलेल्या खड्यांचे नमुने पुन्हा सिद्ध केले. अकीकाचा खल घेतला, अल्कोहोलसह मर्दन केले, चाळणीवर काही उरू दिले नाही. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले असता जवळजवळ तंतोतंत जुळले. क्वार्ट्झ दोहोंत होते आणि सारख्याच प्रमाणात होते. धातुरूप लोह कोठेच नव्हते. पोते खरोखरच तेच होते.

यानंतर आम्ही कापडातून गाळलेले चूर्ण आणि कापडावर उरलेली रेव यांचेही पृथक् परीक्षण केले. रेवेत क्वार्ट्झ प्रमुख होते, गाळलेल्या चूर्णात ते अत्यल्प होते. यातून एक गोष्ट ध्यानात आली. पहिला अहवाल खोटा नव्हता. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होता. रुग्णाच्या पोटात जे जाते ते वस्त्रगाळ चूर्ण, त्याचा तो अहवाल होता. दुकानदाराने जे दिले त्याचा तो नव्हता. वस्त्रगालनाने कचकच करणारा कठीण भाग खरोखर दूर होतो, ही आपल्या परंपरागत कृतीची उपयुक्तताही त्यातून दिसली. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटविले, हा दोष सर्वस्वी आमचा.

अहवाल मागताना व वाचताना

प्रयोगशाळेत नमुना देताना पुढील गोष्टी लिहून द्याव्यात : नमुना कच्चा की शोधित, संपूर्ण दळलेला की गाळलेला, कोणत्या खलात, कोरडा की ओला घोटला, किती तापमानावर वाळविला. आपणास खनिजे केवळ ओळखावयाची आहेत की त्यांचे प्रमाण हवे, तेही सांगावे. शोधनाचा परिणाम पाहावयाचा असल्यास शोधनापूर्वीचा व नंतरचा नमुना अगदी एकाच रीतीने सिद्ध करावा. अन्यथा गोदुग्धाच्या भावनेचा परिणाम कोणता आणि खलाचा कोणता, हे उमगणार नाही.

या तंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. १ ते ५ टक्क्यांहून कमी असलेले खनिज त्यात सहसा निसटते. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ‘अहवाल दाखवा’ अशी मागणी वाढली आणि ती रास्तच आहे. परंतु दशलक्षांश प्रमाणात असणारे शिसे विवर्तनाच्या आलेखात दिसत नाही. त्यासाठी मूलद्रव्यांचे वेगळे परीक्षण करावे लागते. विवर्तनाचा स्वच्छ आलेख दाखवून ‘यात शिसे नाही’ असे सांगणे म्हणजे रुग्णाची आणि स्वतःचीही फसवणूक होय.

उपसंहार

पुनर्परीक्षणाचे आलेख हाती आल्यावर आम्ही पाचही जण त्या दुकानात गेलो. ज्यांच्यादेखत बोललो ती गिऱ्हाइके अर्थातच तेथे नव्हती. दुकानदारांनी दोन्ही कागद हाती घेऊन पाहिले, त्यांतील रेषा त्यांना कळण्याचा प्रश्न नव्हता. आम्ही सर्व हकीकत सांगून क्षमा मागितली. ते म्हणाले, “आमचे वडील गेरू घेताना पाण्यात कालवून बघायचे. तळाशी रेव किती बसते ते पाहून भाव करायचे. तुम्ही विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, यात रेव आहे म्हणून.”

पाण्यात कालवून रेव पाहणे आणि मृत्तिका-अंश वेगळा काढणे यांत तत्त्वतः फारसा भेद नाही, हे तेव्हा जाणवले. पुढील मासिक बैठकीत आम्ही आमचा पूर्वीचा ‘वाळूविरहित’ असा निष्कर्ष मागे घेतला आणि त्याचे कारणही सर्वांसमोर सांगितले. त्या दिवसापासून मंडळाच्या कपाटात प्रत्येक खनिज द्रव्याची मूळ राशीतून काढलेली एक बरणी मोहोरबंद ठेवली जाते, आणि नमुना सिद्ध करणाऱ्याने वहीत सर्वप्रथम एक रकाना भरावयाचा असतो : ‘चाळणीवर काय उरले व त्याचे काय केले’.

कोणत्याही द्रव्याच्या अहवालावरून एखाद्यास दोषी ठरविण्यापूर्वी वैद्यबंधूंनी हा रकाना स्वतःशी एकदा भरून पाहावा, एवढीच विनंती. इत्यलम्.